पाण्याच्या वर, पत्र्याच्या खाली

नसीमा,

तुझी शोकसभा बरी झाली. महिला मंडळाच्या हॉलमध्ये होती. तुझा फोटो मोठा करून आणला होता. तुझ्या जावेच्या लग्नातला, ज्यात तू वाढप्यावर ओरडण्याच्या बेतात आहेस तो. बोलणाऱ्यांपैकी दोघींनी तुला मितभाषी म्हटलं. मी तुझ्या नणंदेकडे पाहिलं. तिनं ओढणी तोंडावर दाबली आणि सगळ्यांना वाटलं, बिचारीला रडू आवरत नाही. अध्यक्षांनी तू ‘संगणकयुगाशी नातं जोडणारी गृहिणी’ होतीस असं जाहीर केलं. स्वतः अध्यक्ष मोबाइलवर कोणाचा फोन येऊन गेला हे अजून नातवाला विचारतात. मग दोन मिनिटांची शांतता एका मिनिटात आटोपली आणि चहा आला.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते हॉलमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. त्यात तुझा एक हुकूम मोडल्याची बातमी आहे. ती तुला दुसऱ्या कोणाकडून नाही, माझ्याकडूनच कळावी, म्हणून हे लिहिते आहे. तुझा चाळिसावा दिवस व्हायचा आहे. त्याच्या आत लिहिलेलं बरं, नंतर माणसं फारच सज्जन होऊन आठवायला लागतात.

आपली ओळख भिंतीतून झाली, आठवतं? मी नुकतीच महाडच्या शाळेत लागले होते. माझ्या नाते गावाहून रोजची ये-जा जमेना, म्हणून तुमच्या शेजारची खोली घेतली. पहिल्याच रविवारी पलीकडून भांडण ऐकू आलं. एक पुरुष शांतपणे बोलत होता आणि तुमचं सगळं घर त्याच्यावर तुटून पडलं होतं. विशेष म्हणजे तो कोणाचंही ऐकून घेत नव्हता आणि चिडतही नव्हता. इतका संयमी माणूस पाहावा म्हणून मी साखर मागायच्या निमित्तानं आले, तर मधोमध टेपरेकॉर्डर. माणूस मस्कतला.

मस्कतहून कोणी सुट्टीवर आलं की त्याच्या सामानातून तुझ्या नवऱ्याची, बशीरभाईंची, कॅसेट यायची. फोनवर घाईघाईत चार शब्द व्हायचे; कॅसेटवर माणूस मोकळा बसून बोलायचा. त्यांची एक रीत होती. प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उत्तराला पुरेल एवढा वेळ टेप नुसती सरसरत राहायची. तेवढ्यात इकडच्यांनी उत्तर द्यायचं, आणि सगळे देतही असत.

‘मां, तबियत कशी हाय तुझी?’ कॅसेट विचारायची.

तुझ्या सासूबाई गुडघ्यांपासून सुरू करायच्या. कंबर, डोळे, रात्रीचा खोकला.

‘चला, बरं वाटलं ऐकून,’ कॅसेट म्हणायची.

‘मेल्या, काय बरं वाटलं तुला?’ सासूबाई ओरडायच्या. ‘मरतेय मी हितं!’

तू मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी असायचीस. तुझ्यासाठी प्रश्न आला की टेप थांबायची, आणि ती जागा सासूबाई भरून काढायच्या. ‘खुश हाय ती, काय होतंय तिला.’ मोठ्या माणसांसमोर नवऱ्याला, तोही यंत्रातला, उत्तर देणं तुला तेव्हा जमलं नाही. अशी किती वर्षं गेली. पोरं मोठी झाली, सासूबाई गेल्या, कॅसेटी कपाटात साठत राहिल्या.

मग सरकारनं फर्मान काढलं की शिक्षकांनी संगणक शिकावा. मी एकटी जाणार नाही म्हटलं, म्हणून तू सोबत आलीस. उद्घाटन तुला नक्की आठवत असेल. पाहुण्यांनी मॉनिटरला कुंकू लावलं, नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डावर गेलं, आणि मग त्यांनी एकविसाव्या शतकाबद्दल इतकं बोलून घेतलं की शतक पुढे सरकण्याचं लक्षण दिसेना. तू माझ्या कानात म्हणालीस, ‘बाई, ह्यांना पण बंद करायचं बटण असेल ना कुठं?’ शेवटी त्या वर्गातून मी पास झाले आणि तू शिकलीस.

त्याच पावसाळ्यात तुझ्या मुलानं, आसिफनं, घरी संगणक आणला आणि तू ठरवलंस की सगळ्या कॅसेटी त्यात भरायच्या. मध्ये एक वायर लावतात हे ना तुला माहीत, ना मला. तू टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवलास आणि संगणकाचा माइक त्याच्या तोंडाशी धरलास, वार्ताहर पुढाऱ्याच्या धरतात तसा. दुपारभर घरात कोणी नसायचं. बशीरभाई प्रश्न विचारून थांबायचे. आणि यावेळी ती जागा भरायला सासूबाई नव्हत्या.

तू मला मोठ्या अभिमानानं ऐकायला बोलावलंस. मी थोडं ऐकलं आणि म्हटलं, ‘नसीमा, यात तू पण आहेस.’

‘असणारच. घर माझं हाय.’

‘तसं नव्हे. तू त्यांना उत्तरं देते आहेस.’

तेव्हा तू पहिल्यांदा नीट ऐकलंस. दहा-बारा वर्षांपूर्वीचा नवरा विचारतोय, ‘पाऊस कसा हाय तिकडं?’ आणि आजची तू सांगते आहेस, ‘घरात आलाय. बस म्हटलंय त्याला.’ तो म्हणतो, ‘ईदला येतो नक्की. खुश ना?’ तू म्हणतेस, ‘आलास कुठं? पोरीला शिवलेला ड्रेस आखूड झाला, मग आलास.’ मी हसत होते. तू हसत नव्हतीस. उठून सरळ बाजारात गेलीस, दुकानदाराला उभं करून वायर आणलीस आणि सगळ्या कॅसेटी पहिल्यापासून पुन्हा भरल्यास. संगणकात दोन फोल्डर झाले. वायरवाल्याचं नाव तू ‘पक्कं’ ठेवलंस आणि आधीच्याचं ‘कच्चं’.

‘कच्चं उडवते,’ म्हणालीस. ‘पक्कं नीट वाजतंय का तेवढं बघूदे.’

पक्कं पहिल्या दिवसापासून नीट वाजत होतं. कच्चं तू उडवलं नाहीस. हा मुद्दा लक्षात ठेव. मी पुढे तो तुझ्याविरुद्ध वापरणार आहे.

मग तो मोठा पूर आला. गावात पाणी शिरायला लागलं तसं तुम्ही माळ्यावर चढलात. आधी माणसं, मग तांदूळ, मग कागदपत्रं, मग मशीन. संगणकाला तू मशीनच म्हणायचीस. कॅसेटींचं कपाट खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर आपण दोघींनी तो चिखल उपसला. कॅसेटींच्या रिळांचे गुंते निघत होते आणि तू ते बादलीत टाकत होतीस. शेवटी एवढंच म्हणालीस, ‘वरचं हाय ना. झालं तर.’

पूर उतरला, मशीन उतरलं नाही. आपल्या महाडकरांची ही अक्कल पिढ्यान्‌पिढ्यांची आहे: जीव अडकलाय ते माळ्यावर. तिथून तू वायरी खाली सोडल्यास, एक हॉलमधल्या टीव्हीला, एक स्वयंपाकघरातल्या स्पीकरला. पोरांची लग्नं, कव्वाल्या, सिनेमे, सगळं वरून खाली यायचं. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसं लोटली की माझ्याकडे पाहुण्यांना पाय ठेवायला जागा नसायची आणि त्यातले निम्मे तुझ्याकडे झोपायचे. सकाळी उठून ते भीमगीतं म्हणायचे, तीही तू भरून घेतलीस. पुढच्या वर्षी त्याच मंडळींना त्यांचाच आवाज ऐकवलास, तेव्हा माझे नागपूरचे मामा म्हणाले, ‘आमच्यापेक्षा हे बरे गातात.’

बशीरभाई पुरानंतर कायमचे परत आले. कॅसेटवर तासभर बोलणारा माणूस घरी आल्यावर ‘चहा’ आणि ‘हां’ एवढ्यावर आला. तू म्हणायचीस, ‘बाई, हा तिकडं जास्त घरात होता गो.’

माझी बदली पोलादपूरला झाली, मी तिथंच घर बांधलं, आणि तेव्हापासून आपलं भांडण एसटीनं सुरू झालं. विषय एकच: तो माळा. पाण्यापासून वाचवलेलं मशीन तू पत्र्याखाली भाजत होतीस. मे महिन्यात तिथं पापड ठेवले तर तळायची गरज पडू नये. मशीन मध्येच बंद पडायचं, मग तू वर जाऊन पदरानं त्याला वारा घालायचीस. या उन्हाळ्यात आतली डिस्क टकटक वाजायला लागली. मी म्हटलं, हे मरणार. आसिफनं पुण्याहून नवा डबा आणला. लहानसा, काळा, आत दोन डिस्का. घरच्या नेटवर्कला जोडला की टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांना त्याच्यातलं वाजवता येतं. एक डिस्क मेली तर दुसरीकडे तेच सगळं असतं, असं त्यानं समजावलं.

‘म्हणजे सवत,’ तू म्हणालीस.

आणि हा नवा डबाही तू माळ्यावरच ठेवायला निघालीस!

‘खाली ठेव,’ मी म्हटलं.

‘खाली पाणी येतं.’

‘वर आग लागते.’

‘आग पंख्यानं जाते. पाणी पंख्यानं जातं काय, बाई?’

‘मग एक प्रत माझ्याकडे ठेव. पोलादपूरला पूर येत नाही.’

‘पोलादपूरला दरड येते,’ तू म्हणालीस. शेवटी मीच भिंतीवरची पुराची रेघ दाखवली. दार तिच्याहून उंच होतं. दारावर फळी ठोकायची: पाण्याच्या वर, पत्र्याच्या खाली. तू सुताराला निरोप धाडलास. दुसरी प्रत पोलादपूरला, हेही मान्य केलंस. एकाच तालुक्यात नाही म्हणून संकटंही वेगवेगळ्या दिवशी येतील, असा तुझा हिशेब. या दोन ठिकाणांमधलं नेटवर्क म्हणजे महाड-पोलादपूर एसटी आणि मांडीवर डिस्क धरून बसलेली मी.

जुनी डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नव्हतं, म्हणून क्रम ठरवणं आलं. तू हुकूम सोडत होतीस, मी माळ्यावर टेबलफॅन लावून सकाळच्या गारव्यात उतरवून घेत होते. आधी पोरांचे लहानपणचे आवाज. मग लग्नं. मग पक्कं. मग माझ्या पाहुण्यांची गाणी. ती सिनेम्यांच्या आधी घेतलीस, हे मी विसरणार नाही.

‘आणि कच्चं?’ मी विचारलं.

‘ते नाय न्यायचं.’

‘का?’

‘मशीनबरोबर मरूदे ते. आणि बाई, मशीन मेलं की आतली डिस्क हातोड्यानं फोडायची. भंगारवाल्याला तशी द्यायची नाय.’

‘तुझा एवढा आवाज दुसऱ्या कशातच नाही, नसीमा. लग्नांच्या व्हिडिओत तू नुसती वाढप्यांवर ओरडते आहेस.’

‘तेवढा पुरे. माझ्या घरात ते कच्चं मला नको. सुना ऐकतील. हा ऐकेल.’ तू खाली बोट दाखवलंस. खाली बशीरभाई पेपर वाचत होते. ‘माणूस तिकडं राबत होता आणि बायको हितं यंत्राला बोल लावत होती, असं वाटंल त्याला. ह्या वयात कशाला?’

मी म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू. तू म्हटलंस, पुढच्या रविवारी पण हेच बोलेन. त्या दिवशी तू मला आंबोळ्या बांधून दिल्यास आणि एसटीत बसेपर्यंत बजावत होतीस.

रविवार यायच्या आधीचं मी लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि शोकसभेत पुरेसं सांगून झालं.

तू गेल्यावर घर माणसांनी भरलं होतं, आणि माळ्यावर ते मशीन कोणीतरी चालूच ठेवलेलं होतं. बायका कुराण वाचत होत्या आणि मधल्या शांततेत वरून टकटक ऐकू यायची. पाहुणे पांगले त्या सकाळी मी बशीरभाईंना म्हटलं, ‘वर थोडं काम राहिलंय.’ ते म्हणाले, ‘हां.’ मी टेबलफॅन घेऊन वर गेले.

मी विचार केला नाही असं समजू नकोस. तू नको म्हणाली होतीस, आणि तू कधी उगाच नको म्हणणारी नव्हतीस. पण तू जिवंत असताना ते नको म्हणाली होतीस. घरात तुझा खरा आवाज दिवसभर चालू असताना एक जास्तीचा आवाज नको असणं मला समजतं. आता परिस्थिती बदलली होती आणि तुला विचारायची सोय नव्हती. शिवाय, वर म्हटलं तो मुद्दा: उडवायला तुझ्याकडे वर्षं होती, बटण होतं, आणि तुला ते वापरता येत होतं. माणूस जे उडवत नाही त्याच्यावर त्याचा जीव असतो, असं माझं मत आहे. तुझं मत वेगळं असेल तर ते मी नोंदवून घेते.

डिस्क दोनदा थांबली. प्रत्येक वेळी बंद करायची, गार होऊ द्यायची, पुन्हा सुरू करायची. काही आवाज वाचलेच नाहीत, यंत्र नुसतं घरघरत राहिलं आणि पुढे गेलं. पण बरेचसे आले. मग डिस्क सुटी केली आणि अंगणात नेऊन हातोड्यानं फोडली. तो हुकूम पाळला. आसिफ मदतीला आला होता. मी त्याला हातोडा दिला नाही.

आणि हे ऐक: कच्चं तुझ्या घरात नाही. दारावरच्या फळीवरच्या डब्यात पक्कं आहे, लग्नं आहेत, गाणी आहेत. ‘माझ्या घरात नको’ हे तुझे शब्द, आणि मी ते अक्षरशः पाळले. कच्चं माझ्या घरात आहे. कोर्टात उभं केलंस तरी मी सुटेन.

मी सगळं ऐकलं नाही. नीट उतरलं की नाही ते पाहण्यापुरतं इथून-तिथून ऐकलं. एका ठिकाणी ते नळाच्या कामाचं विचारतात आणि तू म्हणतेस, ‘झालं काम. मीच उभी राहून करून घेतलं, नाव तुझ्या भावाचं झालं.’ मी तिथंच बंद केलं. तुझं माझं नातं जुनं असलं तरी त्या जागा माझ्यासाठी सोडलेल्या नव्हत्या.

खरं तर हे पत्र इथं संपायचं होतं. पण गेल्या आठवड्यात बशीरभाई पोलादपूरला आले. एसटीनं, एकटे, पिशवीत नारळ घेऊन. पाणी प्यायले. चहा प्यायले. नातवंडांची चौकशी मीच केली, मीच उत्तरं दिली. मग म्हणाले,

‘बाई, ते दुसरं तुमच्याकडं हाय ना?’

‘कुठलं दुसरं?’

‘ज्यात ती बोलते.’

खोटं बोलायची तयारी मी केली नव्हती.

‘तुम्हाला कोणी सांगितलं?’

‘कोण सांगेल? मशीन घरात होतं, मी पण घरात होतो. ती बाजारात गेली की लावायचो.’

‘केव्हापासून?’

‘आलो तेव्हापासून.’

‘आणि तिला कधी बोलला नाहीत?’

ते माझ्याकडे असं बघायला लागले, जणू वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोरानं हात वर केला आहे.

‘काय बोलू?’ म्हणाले. ‘सगळं बरोबर बोलत होती.’

तर नसीमा, एवढी वर्षं एकाच घरात दोन माणसं एकच फोल्डर एकमेकांपासून लपवत होती. तू बाजारातून परत यायच्या आत ते बंद करून पेपर उघडत होते, आणि तू त्यांच्या पेपराला नावं ठेवत होतीस. मला तुझा राग आला, त्यांचाही आला, आणि मग दोघांपैकी कोणावर जास्त आला ते ठरवता येईना, म्हणून मी उठून लॅपटॉप लावला. तुझी परवानगी विचारायचा प्रश्न आता उरला नव्हता. ज्याच्यापासून ते राखायचं होतं त्याला ते पाठ होतं.

‘एक करता येईल काय?’ त्यांनी विचारलं. ‘माझं बोलणं काढून टाकायचं. फक्त तिचं ठेवायचं.’

मी सांगितलं, नाही होत. एकाच माइकनं, एकाच खोलीत भरलेलं आहे. तुमचा आवाज काढला तर तिचाही जाईल.

‘बरं. मग राहूदे.’

ते स्पीकरजवळ खुर्ची घेऊन बसले आणि आवाजाच्या बटणावर बोट ठेवलं. मस्कतचे बशीरभाई बोलायला लागले की ते बटण फिरवून त्यांना पार बारीक करत. प्रश्न संपायची जागा त्यांना नेमकी ठाऊक होती. तिथं बटण उलटं फिरायचं आणि तू यायचीस, पूर्ण आवाजात. परतीची एक बस गेली. दुसरीची वेळ झाली तरी उठेनात. मी आठवण केली नाही.

शेवटाकडे एक कॅसेट होती. कुजबुजल्यासारखा आवाज विचारत होता, पेटी भरतोय, आणखी काय आणू तुझ्यासाठी, सांग. त्यांचं बोट फिरलं.

‘पेटी नको,’ तू म्हणालीस. ‘तू ये.’

आवाज एवढा मोठा होता की समोरच्या घरातल्या काकू खिडकीत आल्या. ‘ओ बाई,’ त्यांनी हाक मारली, ‘कोण आलंय तुमच्याकडं?’

मी म्हटलं, ‘महाडची नसीमा.’